शंभरातून सात की साठ

उर्किया आपाच्या कागदावर ‘तीसपैकी अकरा’ हा आकडा मीच लिहिला. माझं अक्षर बरं आहे म्हणून आमच्या स्टेशनाच्या दवाखान्यात असले कागद माझ्याकडेच येतात. डॉक्टर सांगतात, मी लिहिते. तेव्हाही तसंच झालं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

आमचं तासकुदुक म्हणजे गवताळ माळावरचं एक स्टेशन, यार्ड आणि दोनशे घरं. तिथे आपाने चौतीस वर्षं गाडीची चाकं ठोकली. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन रुळांच्या कडेने चालायचं, एकेका चाकावर टोला द्यायचा आणि ऐकायचं. चाक धड असेल तर आवाज खणखणीत येतो. तडा असेल तर बद्द येतो. एका हिवाळ्यात तिने कोळशाची अख्खी गाडी दोन तास अडवून धरली होती. ड्रायव्हर खाली उतरून ओरडत होता, "बाई, डोळ्यांना दिसतोय का कुठे तडा?" आपा म्हणाली, "डोळ्यांचा पगार मला मिळत नाही." चाक काढून पाहिलं तर आतून बोटभर चिरलेलं.

सत्तरी उलटली तशी ती चुकीची उत्तरं द्यायला लागली. ‘मीठ आहे का’ विचारलं तर ‘पीठ कालच संपलं’ म्हणायची. पोरीबाळी तोंड लपवून हसायच्या. माझ्या घरी ती चहाला यायची तेव्हा असं काही व्हायचं नाही. आम्ही दोघीच असायचो, समोरासमोर बसलेल्या, घर शांत. त्यामुळे लोक काही सांगायला लागले की मला वाटायचं, उगाच वाढवून सांगतात.

मग शेजारच्या आसेलच्या नातवाचा पाळण्याचा कार्यक्रम झाला. पन्नास माणसं, ताटांचा खडखडाट, कोपऱ्यात मोठ्याने लावलेलं संगीत. सगळ्यांत वडीलधारी म्हणून आसेल आपाजवळ वाकून म्हणाली, "पाळण्यात घातलं, आपा. दुवा द्या." आपाच्या कानात पडलं ते एवढंच: "...त घातलं, दुवा द्या." तिने ऐकलं, मातीत घातलं. तिचा चेहरा उतरला. दोन्ही तळवे पसरून ती भरल्या आवाजात म्हणाली, "त्याची माती रेशमासारखी मऊ होवो."

संगीत कुणीतरी बंद केलं. बाळाची आई रडत उठून गेली. आपा सगळ्यांकडे पाहत विचारत होती, "कोण गेलं? अरे, कोण गेलं ते तरी सांगा!"

चौथ्या दिवशी शहरातून तिचा मुलगा सामात आला. मुलगा वाईट नाही, घाबरलेला होता. आल्याआल्या त्याने गॅसच्या शेगडीचं बटण काढून खिशात टाकलं आणि आईला दवाखान्यात घेऊन आला.

आमच्या तपासणीच्या खोलीची खिडकी यार्डाकडे उघडते. बाहेर शंटिंगचं इंजिन धडधडत होतं. सर्दीची साथ होती म्हणून डॉक्टरीणबाईंच्या तोंडाला मास्क. त्यांनी पाच शब्द वाचले: चेहरा, मखमल, मशीद, शेवंती, लाल. आपाने एक बरोबर सांगितला, दोन भलतेच सांगितले आणि गप्प बसली. मग बाई म्हणाल्या, "शंभरातून सात वजा करा, आणि तसंच करत खाली या."

"चाळीस," आपा म्हणाली. पुढे म्हणाली, "आणि आता यातून साठ कसे जातील? थट्टा करताय का?"

बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी शून्य मांडलं. शेवटी बेरीज अकरा झाली आणि खाली बाईंनी सांगितलं ते लिहिलं: स्मरणशक्ती ढासळलेली, एकटं राहण्यास असमर्थ. सामातने त्याच आठवड्यात अर्ज केला की आई शहरात त्याच्याकडे राहील आणि तिच्या वतीने सह्या तोच करेल. तीन तज्ज्ञांची समिती महिन्याभराने बसणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आपा माझ्या दारात. हातात तो कागद.

"झामाल, हे अक्षर तुझंच ना?"

मी मान खाली घातली.

"मान वर कर. खाली बघून बोललीस की मला काही कळत नाही. मी असमर्थ आहे असं तू लिहिलंस. चल, आता पाच शब्द लिही. बोलू नकोस, लिही."

मी लिहिले: खोगीर, कात्री, ढग, जावई, मीठ. तिने एकदा वाचले आणि कागद उलटा ठेवला. मग चूल तिनेच पेटवली, चहा केला, बाउरसाक, म्हणजे कणकेचे गोळे, तळलेले होते ते मागून घेतले, माझ्या नवऱ्याच्या पाठदुखीची चौकशी केली. अर्धा तास गेला. पेला खाली ठेवून म्हणाली, "खोगीर, कात्री, जावई, मीठ. पाचवा गेला. त्र्याहत्तराव्या वर्षी एखादा गेला तर जाऊ दे. आता शंभराचं लिही."

मी लिहिलं. तिने वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला उठून जावंसं वाटलं. "सात होय? मला साठ ऐकू आलं." आणि तिथेच बसून ती त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत दोनवर येऊन थांबली.

"मुली, तुम्ही माझं डोकं तपासलंच नाहीत," ती म्हणाली. "तुमचा आवाज माझ्यापर्यंत पोचतो का, एवढंच तपासलंत."

पुढच्या बुधवारी मी तिला जिल्ह्याच्या गावी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दाऊरेन नाव, तरुण माणूस. त्यांनी तिला खुर्ची भिंतीकडे पाठ करून दिली, स्वतः उजेडात बसले आणि सावकाश बोलले. तेवढ्यानेच आपा त्यांच्यावर खूश झाली. तासभर तपासून त्यांनी आलेख दाखवला.

"जाड आवाज तुम्हाला येतात, आपा. इंजिन, दार, पुरुषांचं बोलणं. बारीक आवाज गेलेत. स, श, त, ठ, फ असले. चौतीस वर्षं लोखंडावर लोखंड ऐकलंत, त्याचं हे. शब्दाची मधली-मधली अक्षरं गळतात आणि उरलेल्यावरून मेंदू अंदाज बांधतो. घरात शांतता असेल तर अंदाज जमतो. गोंगाटात नको ते आवाज बाजूला सारायचं कामही मेंदूचंच, आणि वयाबरोबर ते जड जातं. सगळी ताकद त्यातच खर्च होते. मग ऐकलेलं लक्षात ठेवायला उरतं काय?"

"म्हणजे मी वेडी नाही."

"कानामुळे किती आणि वयामुळे किती, ते आज मला सांगता येणार नाही. आधी ऐकू येऊ द्या, मग बघू. पण एक सांगतो, कानाचं यंत्र म्हणजे चष्मा नव्हे. घातलं की लगेच लख्ख असं होत नाही. बरीच वर्षं जे आवाज आलेच नाहीत ते ओळखायला मेंदू विसरलाय. त्याला पुन्हा शिकवावं लागेल. तीन महिने धरा."

"समिती तीन आठवड्यांनी आहे."

दाऊरेन हसले. "मग घाई करा."

यंत्रं कानात बसली आणि पहिल्या दिवशी आपाने मला यथेच्छ शिव्या घातल्या. पिशवीचा चुरचुराट तिला सहन होईना. चमचा पेल्याला लागला की ती दचकायची. स्वतः कुर्त, म्हणजे दह्याचे वाळवलेले खडे, चघळताना खडी तुडवल्यासारखं वाटतं म्हणाली. "चिमण्या! या मेल्या इतक्या ओरडत होत्या का कायम?" संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी तिने दोन्ही यंत्रं काढून साखरेच्या डब्यात ठेवली. चौथ्या दिवशी तिनेच ती काढून पुसली.

"हातोडी पहिल्यांदा धरली तेव्हाही मला सगळी चाकं सारखीच वाजायची," म्हणाली. "चार महिने काही कळत नव्हतं. मुकादम म्हणायचा, घरी जा, पोरी, स्वयंपाक कर. मी गेले का? बस, वाच."

मग रोज दुपारी ड्युटी संपली की मी तिच्याकडे जायची. आधी नुसतं वर्तमानपत्र वाचायचं, ती ऐकून पुन्हा सांगायची. आठवड्याने रेडिओ लावून वाचायला लावलं. त्यानंतर नळ सोडून. मग मी तोंडासमोर वही धरायची, म्हणजे ओठ दिसायला नकोत. चुकली की चिडायची, पण थांबायची नाही. मीच दमायची. "तुला झोप येते तर तोंड धुऊन ये," म्हणायची, "डोकं माझं पणाला लागलंय, तुझं नाही."

समितीच्या दिवशी टेबलापलीकडे तिघं बसले होते. सामात भिंतीशी. मी कागद घेऊन कोपऱ्यात. आपा आत आली आणि बसायच्या आधी म्हणाली, "ती खिडकी लावा."

अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते. "आजी, आधी बसा तर खरं."

"बसते. खिडकी लावा. तोंडावरचं फडकं काढा, नाहीतर लांब बसा. आणि एका वेळी एकानेच बोला."

"हा दवाखाना आहे, तुमचं घर नव्हे."

"घर माझंच चाललंय ना? म्हणून सांगते. माझ्या डोक्याचा निकाल लावायला बसलात, खिडकी लावायला काय जातं तुमचं?"

बाकीच्या दोघांतली एक बाई उठली आणि तिने खिडकी लावली. इंजिनाची धडधड निम्म्यावर आली. शब्द नवे होते. आपाने पाचही लगेच सांगितले. वजाबाकी आली तेव्हा ती पुढे झुकली. "सात की साठ?"

"सात."

"नीट विचारून घेतलेलं बरं," म्हणाली आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

कागदावर घड्याळाचं चित्र काढताना काटा एका घराने चुकला. शेवटी पाचातले तीन शब्द आठवले. बेरीज चोवीस. अध्यक्षांनी ती दोनदा तपासली. मग त्यांनी माझा जुना कागद समोर ओढला आणि विचारलं, "या तपासणीच्या आधी कान तपासले होते?"

"नाही," मी म्हणाले. तेवढं एक मी त्या प्रकरणात धड बोलले.

अर्ज फेटाळला गेला. बाहेर व्हरांड्यात सामात आईजवळ आला. "आई, मला वाटलं तू..."

"काय वाटलं ते सांग. तोंड इकडे करून सांग."

"वाटलं, तू हातची चाललीस."

"तू फोनवर बोलायचास तो गाडी चालवत. घरी आलास की आतल्या खोलीतून हाक मारायचास. उत्तर नाही आलं की बायकोला म्हणायचास, आईचं काही खरं नाही. तेवढं मात्र मला नेमकं ऐकू यायचं." तिने तळहात पुढे केला. "माझ्या शेगडीचं बटण दे."

त्याने खिशातून काढून दिलं. रडत होता. तिने त्याला जवळ घेतलं, पण बटण आधी घेतलं.

याला चार वर्षं झाली. आमच्या दवाखान्यात आता आधी कान बघतात. हे कुणी वरून लिहून पाठवलेलं नाही. आपा स्वतः म्हाताऱ्यांना दंडाला धरून घेऊन येते आणि कान पाहिल्याशिवाय हलू देत नाही. यार्डातल्या झोल्दास म्हाताऱ्याला सुनेने खुळा ठरवलं होतं. त्याला तिने असाच आणला. त्याचे कान ठीक निघाले. तो खरोखरच विसरत चालला होता. मग त्याच्या सुनेला घरी सोबत करायला आपा रोज जायला लागली.

स्वतःचीही तपासणी ती दर वसंतात करून घेते. यंदा शांत खोली, कानात यंत्रं, समोर मी. शब्द तिने बरोबर ऐकले, मोठ्याने परत म्हणूनही दाखवले. पाच मिनिटांनी त्यातले दोनच उरले होते. तारीख चुकली. माझ्या नवऱ्याचं नाव विचारलं तर थोडा वेळ खिडकीकडे पाहत राहिली. बेरीज एकवीस झाली.

माझं पेन थांबलं. एखाद-दोन गुण इकडे-तिकडे केले असते तर कुणाला कळणार होतं?

तिने माझं मनगट धरलं. "लिही."

"आपा, पुढच्या आठवड्यात पुन्हा करू. आज तुम्ही दमला असाल."

"मी दमलेली नाही. मागे तुम्ही मांडलेल्या चुका तुमच्या होत्या, म्हणून भांडले. या माझ्या आहेत. मला सगळं ऐकू आलं आणि तरी गेलं. लिही एकवीस. आणि पुढे असंही लिही की बाई एकटी राहते, स्वतःचा स्वयंपाक करते आणि कुठेही जाणार नाही."

मी दोन्ही लिहिलं. तिने ते वाचून पाहिलं आणि खाली सही केली.