मुठीतली वाळू

आज बाल्कनीतल्या कुंडीतली कोरडी माती मुठीतून सोडली. ती तिरकी उडाली आणि मी थेट अबुधाबीच्या वाळवंटात जाऊन उभा राहिलो.

२००८ची मंदी नुकतीच आली होती. अबुधाबीजवळच्या मुसफ्फा या औद्योगिक भागातल्या आमच्या कंपनीला एका अरबी मालकाच्या कुंपणातल्या रानात हरणांच्या शिकारीसाठी लपण बांधायचं होतं. जागा निवडायला मॅनेजरसाहेबांनी एका सकाळी मला आणि माझा सहकारी कुलकर्णी याला धाडलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आरामात बघा, घाई नको."

पाणवठ्याभोवती खुरांचे ठसे, ताज्या लेंड्या शोधत आम्ही फिरलो. एका झाडाखाली कुलकर्णीने मुठीतली वाळू हळूहळू सोडली.

"बघ, वारा पाण्याकडून आपल्याकडे येतोय. हरणाला आपला वास लागणारच नाही. इथेच बांधू! हे काम झालं की नोकरी टिकली, पोरीची शाळा वाचली रे, इन्शाल्ला."

तेवढ्यात एक हरणी आली आणि निर्धास्त पाणी पिऊ लागली. आम्ही श्वास रोखून, खुशीत बघत राहिलो.

दुपारी ऑफिसात परतलो तर आमची टेबलं रिकामी केलेली, वर कामावरून काढल्याची पत्रं. लपणाचं काम आठवड्यापूर्वीच रद्द झालं होतं. कुलकर्णी बुटांतली वाळू झाडत बसला.

सकाळी साहेब आमच्या किती जवळ उभे होते! आम्हाला वाससुद्धा लागला नाही.