आडवी शिंक

आमच्या वाडीतल्या आंब्यांना मोहोर येतो तेव्हाच घरात लग्नाची बोलणी, परीक्षा, प्रवास असं सगळं सुरू होतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या शिंकाही तेव्हाच. एक आली की मागोमाग दहा-बारा, डोळे लाल, नाक गळतंय. कोणी चांगल्या कामाला निघालं आणि शिंक आली, तर ती आडवी गेली असं आमच्याकडे मानतात. निघालेल्याने आत परत यायचं, पाणी प्यायचं, थोडं बसायचं. जाऊबाईंपायी माणसं इतकं पाणी प्यायली की शेवटी सासूबाईंनी नियमच केला. कोणी निघायच्या वेळी थोरलीने आत स्वयंपाकघरात जायचं. सासूबाई दुष्ट नव्हेत. "जा गो, चहाचं बघ जरा," असं म्हणायच्या. चहा कोणालाच नको असायचा.

मी लग्न होऊन चौलला आले तेव्हा हा नियम जुना झाला होता. पुढे मी पर्यटकांसाठी घरगुती खानावळ सुरू केली आणि माझी मुलगी जाऊबाईंनीच वाढवली. त्यांना मूल नव्हतं, मला वेळ नव्हता. मुलीच्या परीक्षा ऐन मोहोरात यायच्या. ती निघाली की स्वयंपाकघराच्या दारातून दही-साखरेची वाटी धरलेला हात तेवढा बाहेर यायचा. दुसऱ्या हाताने नाक दाबलेलं.

"मोठी आई, तोंड तरी दाखव," मुलगी म्हणायची.

"आधी पेपर लिहून ये. तोंड काय, रोजचंच हाय."

औषध म्हणजे दुकानातली सर्दीची गोळी. ती घेतली की जाऊबाई दिवसभर पेंगायच्या, त्यामुळे थोरली झोपाळू आहे हेही त्यांना चिकटलं. कोणी ओव्याची धुरी सांगितली. धुराने शिंका दुप्पट झाल्या. एकदा नाकात मारायचा फवारा आणला, तीन दिवस मारला, फरक नाही म्हणून फडताळात ठेवून दिला.

मग एका वर्षी त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा मी त्यांना अलिबागला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ही सर्दी नव्हे, अ‍ॅलर्जी आहे. मोहोर डोळ्यांना दिसतो म्हणून त्याच्यावर आळ येतो, पण तुम्ही सुपारी सोलता तिच्या बुरशीची धूळही तेवढीच कारणीभूत असेल. फवाऱ्याची गोष्ट सांगितली तर हसले.

"तहान लागल्यावर विहीर खणली तुम्ही. मोहोर यायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करायचा. शिंक नसली तरी रोज. आणि नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, कानाच्या दिशेने धरायची."

बाकीचं तर अगदीच घरगुती होतं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं. सुपारी सोलताना मास्क. वाडीतून आलं की अंघोळ आणि कपडे बदलायचे, धुतलेले कपडे आंब्याखाली वाळत घालायचे नाहीत. छातीसाठी वेगळं औषध दिलं आणि पुन्हा तपासायला बोलावलं.

"शिंक नसताना औषध?" परतताना जाऊबाई रिक्षात म्हणाल्या. "लोक हसतील."

"हसू दे. इतकी वर्षं शिंकलात तेव्हा कोण रडलं?"

पुढच्या वर्षी फवारा मोहोराआधीच सुरू केला. त्या मोहोरात त्या अधूनमधून शिंकल्या असतील तेवढ्याच. पुढच्या मोहोरात जवळजवळ नाहीच. छातीतला आवाजही थांबला. इतकं सोपं होतं, हेच मला सलतं. अवघड असतं तर सोसलं असं तरी म्हणता आलं असतं.

यंदा माघात मुलगी नर्सच्या नोकरीसाठी मस्कतला निघाली. सासूबाई ओटीवर खुर्चीत, माझे यजमान सामान चढवत होते, रिक्षा दारात उभी. जाऊबाई नेहमीप्रमाणे आत. मी जाऊन म्हटलं, "बाहेर चला. आता कुठे शिंका येताहेत तुम्हाला?"

"येत नाय, खरं. पण आली तर? पोरीचं विमान हाय गो."

"विमान शिंकेनं पडत नाही."

"तुझं बरोबर हाय. पण मी हितंच बरी."

मुलगीच आत गेली. पाया पडली, गळ्यात पडली, दही खाल्लं. ओढूनही पाहिलं. जाऊबाई चौकटीपर्यंत आल्या आणि थांबल्या. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "ये गो थोरले, ये भायेर," आणि हे खरं तर त्यांनी फार वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. जाऊबाईंनी फक्त पदर नाकाशी धरला.

मुलगी रिक्षात बसली. रिक्षा सुरू झाली, धुराचा लोट मागे आला, आणि माझे यजमान अंगणभर ऐकू जाईल असं शिंकले. एकदा, मग परत. कोणी रिक्षा थांबवली नाही. सासूबाई म्हणाल्या, "धूर गेला नाकात," आणि हात हलवत राहिल्या.

तेवढ्यात आतून जाऊबाईंचा घाईघाईचा आवाज आला, "मी नाय हां. मी नाय शिंकले."