अक्का दार उघडत नसत

सकाळी कंपनीची बस येण्याआधी अर्धा तास अक्का कुणालाही दार उघडत नसत. दूधवाला येवो नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी, बेल वाजून वाजून दमायची. आत अक्का पवित्र शास्त्र वाचत बसलेल्या असत. एकदा त्यांच्याकडून करपल्याचा वास आला म्हणून मी घाबरून दार ठोठावलं, तर आतूनच आवाज आला, "करपू दे ग! उपीट उद्या परत होतंय!"

सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या बेळगावच्या. बोम्मसंद्र्याच्या एका औषध कारखान्यात तपासणी विभाग सांभाळायच्या. नवरा वारलेला, दोन मुलं शाळेत. वेळ नाही असं म्हणायचा हक्क माझ्यापेक्षा त्यांना जास्त होता, आणि तेच मला खुपायचं. मीही नगरकडच्या ख्रिस्ती घरातली. पण वर्षभरात बायबल वाचून संपवायचं म्हणून मोबाइलवर घेतलेलं ॲप लेवीयाच्या, म्हणजे तिसऱ्याच पुस्तकाच्या, पुढे कधी सरकलं नाही. मीटिंगांमधून वेळच मिळत नाही, असं मी एकदा म्हणाले. त्यांनी कांदा चिरता चिरता मान वर केली. "वेळ कुणाला मिळतोय? घरात जागा नसली तरी पाहुणा आला की आपण सरकून बसतोयच की. तसं सरकायचं." बोलणं खरं होतं, म्हणूनच राग आला.

मग माझी आई कायमची राहायला आली. काचबिंदूने तिची नजर गेल्यातच जमा होती. जन्मभर रोज शास्त्र वाचणारी बाई. आता तिला कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. "रविवारी वाचते," असं मी म्हणायचे, आणि रविवारी चर्चहून आल्यावर झोपायचे. एका सकाळी उठले तर आई घरात नाही. अक्कांच्या बंद दाराआडून तिचं हसणं ऐकू आलं. जे दार कुणासाठी उघडत नव्हतं, ते तिच्यासाठी उघडलं होतं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. आई वेणीफणी करून आधीच तयार असायची. अक्काही तिला आईच म्हणायच्या. माझ्या आईला माझ्यासमोर आई म्हणत, आणि ती "ओ" द्यायची. मी तिला महागडा रेडिओ आणून दिला, शास्त्र वाचून दाखवणारं यंत्र आणलं. तिने ते कौतुकाने हातात धरलं आणि समोर निघून गेली.

एकदा लिफ्टमध्ये अक्का हळूच म्हणाल्या, "आज स्वल्प जपून घे त्यांना. तुझ्या थोरल्या भावाची आठवण निघाली. फार रडल्या."

मला थोरला भाऊ नव्हता. म्हणजे, मला तसं ठाऊक होतं. माझ्या जन्माआधी आईचं एक मूल तापाने गेलं होतं, हे मला परक्या बाईकडून लिफ्टमध्ये कळलं. घरात येऊन मी आईवर जवळजवळ ओरडलेच, "मला का नाही सांगितलंस कधी?"

आई शांतपणे म्हणाली, "तू बसलीस कधी?"

पुढे अक्कांची बदली हुबळीला झाली. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा आई त्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या लग्नात ती इतकी रडली नव्हती. खरं सांगते, मला आतून सुटल्यासारखं झालं. जाताना अक्कांनी माझा हात दाबला. "उद्यापासून तू बस. बस आता. सरी?" 'बरं का?' हे त्या असंच कानडीत विचारायच्या.

दुसऱ्या दिवशी लवकर उठून मी आईजवळ बसले, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. स्तोत्र वाचायला लागले तर आई म्हणाली, "घाई करू नकोस. ती थांबत थांबत वाचायची." मी दात आवळले आणि थांबत थांबत वाचलं. शेवटी प्रार्थना केली. आईचं नाव घेतलं, माझ्या माणसांची घेतली, आमेन म्हटलं.

आईने डोळे उघडले नाहीत. "एक राहिलं," ती म्हणाली. "ती रोज आधी तुझं नाव घ्यायची. मग स्वतःच्या पोरांचं."

मी पुन्हा डोळे मिटले आणि अक्कांचं नाव घेतलं. मन मोठं झालं म्हणून नव्हे. तिथेही त्यांनीच पुढे असावं, हे मला सोसवेना.