कमान आणि खाटा

आमच्या कोन गावातून मी नर्सिंग शिकायला बडोद्याला निघाले, तेव्हा मला पोचवायला बापूस आला, मोठा भाऊ दादूस आला, वाटेत गावातली दोन कुत्रीही आली. आयस तेवढी आली नाही. बापसाच्या डोक्यावर माझी पत्र्याची ट्रंक, दादूसच्या खांद्यावर वळकटी, आणि एसटी पकडायला आम्ही शेताच्या बांधावरून कल्याण-भिवंडी रस्त्याकडे चाललेलो. शिकायला घर सोडणारी गावातली मी पहिली मुलगी. आळीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. माझी आई मात्र चुलीपाशी पेज ढवळत होती, आणि ती पेज माझ्यासाठी नव्हती.

झालं होतं असं, की त्या सकाळी खाडीतून रेती काढणाऱ्या बोटीवरचा एक माणूस हुडहुडत आला आणि आमच्या पडवीच्या खांबाला टेकला. अंगात सणकून ताप. पडवीत आमची काथ्यानं विणलेली बाज कायम टाकलेली असायची. दादूस नुकताच मिशीला पीळ द्यायला लागला होता, त्यामुळे चौकशा करायची भारी हौस. तो लागला विचारायला, कनच्या गावचा, कोनाच्या बोटीवर हाय, हिकडं वलखीचा कोन हाय. आयस आतून आली, त्या माणसाच्या कपाळाला हात लावला आणि दादूसला म्हणाली, "पयला त्याला पडू दे. गाव मंग इचार."

आणि लागली पेजेला. मी पाया पडले तर हातातली पळी खालीसुद्धा न ठेवता म्हणाली, "जा बाय, संभाल." बस्स, एवढंच. एसटीत मी रडले, पण घर सुटलं म्हणून नाही, रागानं रडले. पोटची पोर परमुलखात चालली आणि हिला एका अनोळखी माणसाच्या पेजेची काळजी! हा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला.

बडोद्याला पहिल्याच वर्षी कावीळ झाली. होस्टेलचा नियम असा, की आजारी मुलीला वेगळ्या खोलीत हलवायचं, पण त्याआधी फॉर्म भरायचा आणि पालकाची नाहीतर ओळखीच्या कुणाची तरी सही आणायची. माझं तिथं कोण होतं? मी व्हरांड्यात माझ्याच ट्रंकेवर बसून राहिले, डोळे हळदीसारखे पिवळे. दुपारी शांताबेन नावाच्या आयाबाईनं मला पाहिलं आणि काही न बोलता स्वतःच्या क्वार्टरमध्ये नेऊन झोपवलं. त्या बाईचे उपकार मी विसरले नाही. पण गंमत बघा, पुढे नोकरीत मी शिकले ते मात्र होस्टेलचंच. आधी केसपेपर, मग खाट. सरकारी दवाखाना तसाच चालतो, आणि मी तो चालवलाही जोरात. सिस्टरची मेट्रन झाले, वॉर्डबॉय मला बघून विड्या विझवायचे, सगळा दवाखाना मला मोटाबेन म्हणायचा. माझ्या मराठीत 'चालशे' आणि 'बराबर' कधी घुसलं ते मलाच कळलं नाही. कोनला गेले की भाचरं हसायची, आत्या आली की गुजराती पिक्चर चालू होतो म्हणून.

लग्न केलं नाही. कुणी मिळालं नाही असं नाही, मला वेळ मिळाला नाही. त्यामुळे रिटायर झाले तेव्हा माझ्याकडे बडोद्याचा एक फ्लॅट होता, पेन्शन होतं, आणि त्यात आणखी एक भर पडली. दापोड्याकडची आमची भाताची खाचरं गोडाऊनवाल्यांनी घेतली. मानकोलीपासून सगळीकडे तेव्हा पत्र्याची गोडाऊनं उठत होती. आमच्याकडे बहिणींच्या सह्या घेऊन त्यांना साडी-चोळीवर वाटेला लावायची पद्धत. दादूसनं तसं केलं नाही. बापूस गेलेला, आयस गेलेली, विचारणारं कुणी नव्हतं. तरी त्यानं माझा हिस्सा माझ्या हातात ठेवला. गावात त्याला लोक वेडा म्हणाले. मला त्याचा केवढा अभिमान वाटला ते इथं सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याशी भांडणार आहे.

आता हे सगळं माझ्या माघारी कुणाला? आणि माघारी कशाला, जिवंतपणीच थोडं का नाही? एकट्या बाईकडे चार पैसे आहेत ही बातमी वासावर पसरते. बडोद्यातले ट्रस्टवाले चकचकीत पुस्तकं घेऊन घरी येऊ लागले. मी पुस्तकं बाजूला ठेवायचे. आयुष्यभर वॉर्डाचे राउंड घेतलेली बाई मी, मला कागद काय दाखवता? मी न कळवता जायचे, तेही भर दुपारी, जेव्हा मोठी साहेबमंडळी घरी जेवायला गेलेली असतात. आधी संडास बघायचा. मग पाणी मागायचं आणि ते कोण आणून देतं, कसं देतं ते बघायचं. एका वृद्धाश्रमात मला काजू मिळाले, पण म्हाताऱ्यांच्या उशाशी ठेवलेले तांबे कोरडे होते. उठले, नमस्कार केला, आले. एका मुलींच्या वसतिगृहात मात्र संडास लख्ख होता आणि पोरी माझ्यासमोर वॉर्डनशी वाद घालत होत्या. जिथं पोरी न घाबरता वाद घालतात ती जागा चांगली. त्यांना मी दरवर्षी देते, मृत्युपत्रातही त्यांचं नाव आहे.

पण मोठा वाटा आपल्या मातीत जावा असं मनात होतं. दादूसच्याही मनात तेच होतं, फक्त त्याचं ठरलेलं होतं. त्याला गावाच्या वेशीवर कमान हवी होती. दगडी खांब, वर दोन सिंह आणि मधोमध आयस-बापसाचं नाव. गावकीच्या बैठकीत त्यानं जाहीरही करून टाकलं, की माझी बहीण बडोद्याहून देणार. मला विचारायचं राहिलं, एवढंच.

नेमकं त्याच भेटीत मला खतीजा भेटली. भिवंडीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिचं घर जुनं लूमवालं, म्हणजे कापडाचे यंत्रमाग चालवणारं. भावांनी लूम विकले, नवरा गेला, मुलं आखातात. मला वाटलं, ही आता आरामात नातवंडांचे फोटो बघत बसली असेल. तर म्हणाली, "वच्छे, चल, माझा दवाखाना बघ. दवाखाना नाही तो, पण तू बघ." मी म्हटलं, आज नको, मी माझी माझी येईन. आणि दोन दिवसांनी भर दुपारी, ती नसताना, जाऊन थडकले.

एक लूमची जुनी शेड. मशीनं काढलेली, जमिनीत त्यांच्या बोल्टांची भोकं तशीच, आणि त्यावर ओळीनं सात-आठ खाटा. लूमवर काम करणारी माणसं तिला खटियावाला घर म्हणतात. डॉक्टर संध्याकाळी येऊन जातो, मोठं काही असलं तर इस्पितळात पाठवतात. बाकी तिथं काही नाही, नुसतं पडायचं.

हे काय काम झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. मग तिथंच उठून बसलेल्या एका ओडिशाच्या माणसानं मला समजावलं. लूमवर काम करणारे एका खोलीत दहा-बाराजण राहतात, आणि झोपायची जागाही शिफ्टनं असते. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा होतो. माणूस आजारी पडला तर ड्युटीला जाता येत नाही आणि खोलीतही पडता येत नाही, कारण ती जागा आता दुसऱ्याची. मग तो दिवसभर कुठंतरी भिंतीला टेकून तापात बसतो. हजार मैलांवरून आलेला, आणि अंग टाकायला हातभर जागा नाही. ऐकता ऐकता मला माझी ट्रंक आठवली, होस्टेलच्या व्हरांड्यातली. तरी संडास बघायचा मी सोडला नाही. फिनेलचा वास येत होता. पाणी त्या ओडिशावाल्यानंच आणून दिलं, पेला विसळून.

शेड भाड्याची होती. मालकाला ती पाडून गाळे काढायचे होते, आणि खतीजाला त्यानं तसं सांगूनही टाकलं होतं. ती मला काही मागायला आली नव्हती, पण संध्याकाळी मी भेटून विचारल्यावर खोटंही बोलली नाही. मी त्याच दिवशी ठरवलं. जमिनीचा हिस्सा आत्ता द्यायचा, म्हणजे शेड विकत घेता येईल. आणि फ्लॅट माझ्या माघारी, म्हणजे ती पुढे चालेल.

दादूसला सांगितलं आणि घरात जेवणं थांबली. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हळू बोलला. म्हणाला, "आपले जमनीचा पैसा हाय, बाय. तो गावात लागला पायजे. ती लोकं आज हायेत, उद्या न्हाय. तुझा नाव कोन घेल? आयसचा नाव कोन घेल?" मी म्हटलं, नाव घ्यायला मी काही देव नाही. हे जरा जास्तच झालं. त्याला गावकीसमोर खाली बघावं लागणार होतं आणि तेही माझ्यामुळे. मी बडोद्याला परतले, आणि दिवाळीला त्याचा फोन आला नाही. भाऊबीज कोरडी गेली. ज्या भावानं सही न मागता माझा हिस्सा दिला, तोच तुटला तर मला माहेर कुठलं? मी निर्णयाला घाबरत नव्हते, दादूसला गमावायला घाबरत होते. रडलेही. पण ठरवलेलं बदललं नाही, माझा स्वभावच तसा.

शेडच्या कामासाठी पुन्हा आले तेव्हा वहिनीनं मला घरीच उतरवून घेतलं. दादूस माझ्याशी बोलत नव्हता, पण बहीण रिक्षानं फिरली तर लोक काय म्हणतील, म्हणून स्वतःची जीप काढून मला भिवंडीत सोडायला निघाला. शेडपाशी म्हणाला, मी गाडीतच बसतो. ऊन तापल्यावर मात्र आत आला, प्लास्टिकच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला आणि मुद्दाम रस्त्याकडे बघत राहिला. खतीजा औषधं आणायला गेली होती, म्हणून जागा मी सांभाळत होते.

तेवढ्यात दोघांनी एका माणसाला धरून आणलं, दारात उभं केलं, आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून ते पळाले. तिशीतला असेल. थरथर कापत होता. आणि मी काय केलं? नोकरी संपली तरी हात काही रिटायर होत नाहीत. मी टेबलावरची वही ओढली, पेन उघडलं, चष्मा लावला आणि सुरू केलं, नाम बोलो. गाँव कौनसा? किसके लूम पे काम करता है? साथ में कौन है? तो माणूस भिंत धरून एकेक शब्द जमवत होता.

दादूसची खुर्ची सरकली. तो उठला, त्या माणसाच्या काखेत हात घातला आणि माझ्याकडे न बघता, चिडून म्हणाला, "काय गो बाय तू! पयला त्याला पडू दे. गाव मंग इचार."

खाटेवर त्याला त्यानंच झोपवलं. पायातल्या चपला काढल्या, चादर ओढली, कपाळाला हात लावून बघितला. मग सरळ होताना थबकला. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा ऐकू आलं असावं. मी पेन मिटून ठेवलं. आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या खाटेच्या दोन बाजूंना उभी राहिलो, आणि आयसचं नाव दोघांपैकी कुणीही घेतलं नाही. दादूसचे डोळे भरले होते. माझे तर वाहतच होते.

परतताना कोनच्या वळणावर तो आपणहून बोलला. म्हणाला, कमान मी माझ्या पैशानं बांधीन, सिंहाबिंहासकट. तू तुझ्या खाटा घे. मी म्हटलं, चालशे. तो हसला.

कमान झाली, आणि चांगली झाली आहे. तिच्याखालून जाताना मीसुद्धा वर बघते. शेडही झाली. तिच्यावर पाटी नाही, पण दादूसनं जुन्या घराच्या सामानातून आमची ती बाज शोधून काढली, नव्यानं विणून घेतली आणि एक दिवस जीपवर बांधून तिथं आणून टाकली. जुनं घर केव्हाच पाडलंय. आता तिथं दादूसचा बंगला आहे, पडवी नाही. पण कुणी मला विचारलं, मोटाबेन, तुमचं घर कुठं, तर माझ्या डोळ्यांसमोर बंगला येत नाही आणि बडोद्याचा फ्लॅटही येत नाही. ती बाज जिथं टाकली आहे ती जागा येते, आणि आज तिच्यावर कोण झोपलंय ते मला माहीत नसतं.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्यासारखेच गाव सोडून गेलात. कुणी मस्कतला, कुणी सुरतेला. आता तुम्हीही निवृत्त होताय आणि मला फोन करून विचारता, पैसे कुठं द्यावेत. ट्रस्टवाल्यांची पुस्तकं वाचू नका. घर सोडल्यावर पहिला ताप कुठं आला, आणि तेव्हा अंग टाकायला जागा कुणी दिली, ते आठवा. तिथून शोधायला लागा. जाल तेव्हा संडास बघा.

एक गोष्ट एवढी वर्षं माझ्या मनात राहून गेली होती. परवा फोनवर मी दादूसला विचारलंच, की मी निघाले त्या दिवशीचा तो रेतीवाला, आयसनं ज्याच्यासाठी मला पोचवायचं सोडलं, तो होता तरी कुठल्या गावचा? मी गेल्यावर आणखी आठवडाभर तो आमच्या पडवीत होता म्हणे, बरा होऊन चालत गेला. दादूस म्हणाला,

"म्हाईत न्हाय गो. आयसनं शेवटपरत इचारूच दिला न्हाय."