मखराच्या झालरींचं झाड

आमच्या रोह्याच्या घरातलं नाताळचं झाड बघून नवखे पाहुणे आधी हसायचे. वाळू भरलेल्या बादलीत रोवलेली सुरूची फांदी आणि तिच्यावर सोनेरी झालरी, मोत्यांच्या माळा, कापडी झेंडू. शेंड्यावर चांदणी, आणि चांदणीच्या मागे कुणाच्या तरी गणपतीची पुठ्ठ्याची प्रभावळ. बाजारातले रंगीत गोळे आईला आवडत नव्हते असं नाही, पण फुकट मिळतंय ते विकत घेणं तिच्या जिवावर यायचं. आळीतले गणपती बोळवले की घरोघरची मखरं सुटायची, आणि त्यातलं जे काही धड असेल ते बायका आईला आणून द्यायच्या. ती ते पत्र्याच्या पेटीत ठेवायची. डिसेंबरात पेटी उघडली की आळीतली पोरं आपापल्या घरची झालर ओळखून काढायची आणि ती कुठे लावायची यावरून भांडायची. आळीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. तरी झाड कुणाचं असं पोरांना विचारलं असतं, तर त्यांनी आमचं नाव घेतलं असतं की नाही, शंकाच आहे.

पप्पांचा या सगळ्याशी काही संबंध नसायचा. धाटावच्या कंपनीत त्यांची शिफ्टची नोकरी. सजावट उरकल्यावर ते घरी येणार, झाडाकडे बघून ‘छान’ म्हणणार आणि जेवायला बसणार. निवृत्त झाल्यावरही तेच. पोरं आली की वर्तमानपत्र उचलून मागच्या पडवीत जाऊन बसायचे. माणूस वाईट नाही, पण बोलायचा भारी कंटाळा.

यंदा आषाढात आई गेली. मी पेणला राहते. महिनाभरातच मी आमच्याकडची मागची खोली रिकामी केली, शिलाईचं मशीन हलवलं, पलंग लावला, खिडकीला नवे पडदे शिवले. पप्पांना म्हटलं, आता एकटं राहायचं नाही, रोह्याचं घर बंद करायचं आणि कायमचं माझ्याकडे यायचं. माझा स्वभाव असा की ठरवलं म्हणजे ठरवलं. पप्पांनी वाद घातला नाही. “नाताळ होऊ दे, मग बघू,” एवढंच म्हणाले.

गणपती झाले. एकदा फोनवर सहज बोलावं तसं ते म्हणाले, “यंदा कुणी झालरी आणून दिल्या नाहीत.”

मी म्हटलं, “विसरले असतील.”

“विसरले नाहीत गं. ती नाही ना आता.”

मी जेवलात का विचारलं.

नाताळच्या आदल्या दिवशी मी रजा काढून रोह्याला गेले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पप्पांना घेऊनच परतायचं होतं; गाडीने रोह्याअलीकडचं निडी स्टेशन सोडल्यापासून मी मनातल्या मनात त्यांची बॅग भरायला घेतली होती. घरी पोचले तर दारातच उभी राहिले. पप्पांनी झाड उभं केलं होतं. रेवदंड्याकडच्या एका जुन्या सहकाऱ्याला सांगून त्यांनी टेम्पोतून फांदी मागवली होती, बादलीत वाळू त्यांनीच भरली होती. पत्र्याची पेटी उघडी, स्टुलावर लिमलेटच्या गोळ्यांची वाटी, आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते पोरांची वाट बघत होते.

पोरं आली नाहीत. बाहेर आळीत त्यांचं क्रिकेट चाललं होतं. चेंडू आमच्या पायरीपर्यंत आला की एखादं पोर धावत यायचं, दारातून झाडाकडे टकमक बघायचं आणि चेंडू घेऊन परत पळायचं. पप्पांनी एकदा एका मुलीपुढे वाटी केली, तर तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि गेली. ऊन उतरलं तसं पप्पांनी पेटीचं झाकण लावलं.

“ती होती म्हणून यायची,” ते म्हणाले. “मला कोण ओळखतं इथे? इतकी वर्षं राहिलो खरा, पण राहिली तीच. परवा कशाला, उद्याच येतो तुझ्याकडे. इथे आता काय ठेवलंय?”

मला हवं होतं ते हेच. त्यासाठी तर आले होते. पण त्यांनी ते ज्या पद्धतीने म्हटलं, त्याने माझं डोकंच सटकलं. आईने या आळीतल्या पोरांची शेंबडी नाकं पुसली होती. मी पायात चप्पल सरकवली आणि तरातरा समोरच्या वहिनींच्या घरात शिरले.

वहिनी करंज्या तळत होत्या. मी दारातूनच विचारलं, “पोरांना आमच्याकडे पाठवत नाही का यंदा?”

“अगो, तुमच्याकडं सण नाय ना यंदा,” त्या म्हणाल्या. “वरीस कुठं झालंय अजून काकींना? मीच सांगितलंय पोरांना, तिकडं दंगा करायला जायाचं नाय, काकांना वाईट वाटंल.” त्यांनी झारा कढईवर टेकवला. “हे तळण तुमचंच हाय. उद्या सकाळी आम्ही सगळ्याजणी घेऊन येणारच व्हतो.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुःखाच्या घरात वर्षभर सण करत नाहीत, कढई चढवत नाहीत. शेजारी आणून देतात तेच गोड मानायचं. आळीने आमच्या घराला आपलाच नियम लावला होता. परकं घर असतं तर लावला नसता.

“वहिनी, पप्पांनी झाड लावलंय,” मी म्हटलं. “दुपारपासून पोरांची वाट बघत बसलेत. आमच्यात तसं पाळत नाहीत. आणि आईला तर ते मुळीच आवडलं नसतं.”

वहिनींनी गॅस बंद केला. “पोरं मघापासून सांगत व्हती, झाड हाय म्हणून. मला वाटलं जायला मिळावं म्हणून थापा मारतायत. दोघांना धपाटेपण घातले गो मी.”

मग त्या शिडीवरून पोटमाळ्यावर चढल्या आणि एक गच्च भरलेली गोणी खाली ढकलली. आळीतल्या सगळ्या घरांच्या मखरांचं सामान त्यात होतं. तुमचं वर्ष सरलं की द्यायचं म्हणून त्यांनी घरोघर फिरून ते गोळा करून ठेवलं होतं. मी गोणीचं एक टोक धरलं आणि त्यांनी पोरांना हाक मारली.

पोरं घरात घुसली तसे पप्पा गडबडून उभे राहिले. कुठे उभं राहायचं हेही त्यांना कळेना. एका मुलीने झालरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. “आजोबा, हे धरा. सोडायचं नाय.” त्यांनी धरलं. बाकीची झालर झाडाभोवती फिरून परत त्यांच्यापाशी येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

“ही फाटकी कुठं लावायची?” कुणीतरी विचारलं.

“मला माहीत नाही रे,” पप्पा म्हणाले. “मी कधी बघितलंच नाही.”

“आजी फाटकी बाजू भिंतीकडं करायची,” दुसरा म्हणाला.

मग पोरांच्या सांगण्याला ऊतच आला. आजी लाइटच्या माळेवर पाय पडला की ओरडायची. आजी रुसलेल्याला शेंडा द्यायची. आजीने एकदा स्टुलावर चढून नाच करून दाखवला होता. पप्पांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. नाचाचं तर मलाही माहीत नव्हतं.

“अजून?” पप्पांनी विचारलं. “अजून काय करायची?”

पोरं सांगत राहिली. पप्पांचे डोळे भरून वाहत होते आणि त्यांना ते लपवावंसं वाटत नव्हतं. मधेच एकदा ते मोठ्याने हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन सरबत करत बसले, कारण मला रडायचं होतं आणि येत नव्हतं.

नाताळ झाल्यावर मी बॅग भरली, माझी. पप्पा स्टेशनवर सोडायला आले ते रिकाम्या हाताने.

“नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी पोरं झाड उतरवायला येणार आहेत,” ते म्हणाले. “घरी कुणीतरी हवं ना.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर बघू.”

त्यांचं ‘बघू’ मी जन्मापासून ओळखते. मी हट्ट धरला नाही. गाडी सुटली तेव्हा मला बरंच वाटत होतं. माणूस आपल्या घरी आहे, जेवतोय, हसतोय, अजून काय पाहिजे?

पेणला आले, मागच्या खोलीचं दार उघडलं, आणि त्या नव्या पडद्यांसमोर बसून आई गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडले. नवरा घाबरून धावत आला. पप्पांना काही झालं का, विचारायला लागला. पप्पा उत्तम आहेत, मी म्हटलं. त्यांच्याजवळ आईबद्दल बोलायला अख्खी आळी आहे. इथे आमच्या सोसायटीत तिला ओळखणारं कुणी नाही, म्हणून मला ते यायला हवे होते.