पांढरे पक्षी

"लढाईत मेलेल्यांना दुखत नाही, आई. त्यांचे पांढरे पक्षी होतात," पडवीत चुलतबहीण काकूला सांगत होती. शाळेत बक्षीस मिळालेल्या इंग्रजी पुस्तकातली ती गोष्ट दुपारी मीच तिला मराठीत सांगितली होती.

काका इंग्रजांच्या पलटणीत होते, बसऱ्याच्या लढाईत मारले गेले. देह आलाच नाही, म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. पुतळ्याला काकूने काकांचा सदरा घातला होता. तो जळताना मी पाहिला होता.

काकू फणसाचे गरे काढत होती. चीक लागू नये म्हणून तेल लावलेले हात तसेच धरून तिने मला विचारलं, "खरंच गो, असं लिहिलंय?"

पुस्तकातल्या रणांगणावर रक्ताचा थेंबही नव्हता. नुसतं हो म्हणणं सोपं होतं.

"लिहिलंय, काकू," मी म्हणाले, "पण मला ते खरं वाटत नाही."