तबकडी जिथे उडी मारायची

गिटार वाजवणाऱ्यांची खरी नावं मला फार उशिरा कळली. तोवर मी त्यांना माझ्या नावांनी ओळखत होतो. एक होता ओढणारा. तो तार बोटाने वर ढकलून सूर असा वाकवायचा की ऐकणाऱ्याचा खांदा आपोआप उचलला जाई. एक घाईवाला. आणि एक थांबणारा. तो दोन सुरांच्या मधे इतका थांबे की वाटावं, सौदा फिसकटला, हा आता उठून जाणार. मग एकच सूर टाकायचा. धंद्यात मी आयुष्यभर त्याचीच नक्कल केली. समोरच्याने भाव सांगितला की गप्प बसायचं. गप्प बसलेल्या माणसाला लोक घाबरतात.

धंदा मी गुरांच्या बाजारात शिकलो. दोंडाईच्याजवळचं आमचं गाव, शाळा सातवीपर्यंत, घरचा आधार कोणाचाच नाही. पुढे धुळ्यात जुने पंप, मोटारी, जनरेटर घ्यायला आणि विकायला लागलो. अशा माणसाच्या कानात साहेबांच्या देशातलं साठच्या दशकातलं गिटारीचं संगीत शिरलं कुठून, असं लोक विचारतात. म्हणजे पूर्वी विचारायचे. आता कोणी विचारत नाही.

ते शिरलं भुसावळात. रेल्वे कॉलनीतली जुनी ख्रिस्ती कुटुंबं तेव्हा एकेक करून परदेशी निघाली होती, आणि त्यांचं सामान घ्यायला मी जात असे. एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरकडे पंखा बघायला गेलो. बायको वारलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात, घरात एकटाच. आत तबकडी वाजत होती. मी पंख्याला नावं ठेवायला तोंड उघडलं, तेवढ्यात थांबणारा थांबला. मीही थांबलो. तो सूर आला आणि मी पंख्याचा भाव विसरलो. धंद्यात असं माझं त्याआधी कधी झालं नव्हतं.

ड्रायव्हरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची सरकवली.

“बैठो,” ते म्हणाले. “बात मत करो.”

त्यानंतर मी दर रविवारी जात राहिलो, कित्येक वर्षं. आमची भाषा अर्धी हिंदी, अर्धी हातवारे. “ड्रम छोडो. लेफ्ट साइड सुनो,” एवढंच त्यांचं शिकवणं. आवाजाचे दोन डबे खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवलेले असत, आणि डाव्या डब्यात थांबणारा एकटा असे. गाण्याचे शब्द मला कळत नव्हते आणि कळायची गरजही वाटली नाही. एकदा शेजारचा कोणी येऊन मधेच रेशनच्या साखरेबद्दल बोलायला लागला. मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं आणि दार लावलं. घर माझं नव्हतं, तरी लावलं.

थांबणाऱ्याच्या एका तबकडीवर ओरखडा होता. सूर वर वर चढत जायचे, आता उतरणार असं वाटायचं, तिथे सुई टक्‌ करून उडी मारायची आणि वाजवणारा एकदम शेवटाला पोचायचा. जिना उतरताना मधल्या पायऱ्या गाळून माणूस थेट अंगणात उभा राहावा तसं. ड्रायव्हरसाहेब त्या उडीला हसायचे. म्हणायचे, मुलीने लहानपणी सुई ओढली. ती गेल्यावर दुसरी तबकडी आणली नाही त्यांनी. मला तर ती उडी त्या वाजवणाऱ्याचीच करामत वाटायची.

त्यांच्याकडे गिटारही होती. काळपट लाल, आणि वरच्या टोकाला सिगारेटचा जळका डाग. तरुणपणी रेल्वेच्या हॉलमधे नाच असत, तेव्हा ते वाजवायचे. पुढे बोटं आखडली. गिटार खुंटीला टांगलेली असे आणि रविवारी ते ती पुसून ठेवायचे. मला ती वाजवायची नव्हती. माझी बोटं पान्याची. पण ती खुंटी माझ्या घरात असावी, असं मनात बसलं होतं.

शेवटी मुलीने त्यांनाही बोलावून घेतलं. सामान विकायला काढलं. मी गिटारीचा भाव विचारला, त्यांनी सांगितला. मी निम्मा सांगितला.

आता हे नीट सांगतो, कारण इथेच माझ्यावर अन्याय झाला. निम्मा सांगणं म्हणजे अपमान नव्हे. आमच्याकडे बोलणं सुरूच तिथून होतं. पहिलाच भाव कबूल करणाऱ्याला आमच्या बाजारात वेडा म्हणतात, आणि विकणाराही मनात हळहळतो की अजून मागायला हवं होतं.

ते म्हणाले, “नो.”

मी म्हणालो, “राहू द्या मग,” आणि उठलो. उठून जाणं हासुद्धा भावाचाच भाग असतो. फाटकापर्यंत विकणारा हाक मारतो. मी सावकाश चाललो. फाटकाशी वाकून चपलेचा पट्टा नीट केला. तो नीटच होता. बाहेर लिंबाखाली उभा राहून पानाची डबी काढली. वळून बघितलं नाही. वळून बघणारा हरतो.

हाक आली नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलेला सगळा भाव खिशात घालून गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “साहेब गेले की हो मुंबईला. तिथून विमान.”

“आणि गिटार?”

“जळगावचा एक बँडवाला पोऱ्या येऊन घेऊन गेला. अशीच दिली त्याला.”

अशीच म्हणजे फुकट. इतकी वर्षं त्या खुर्चीवर मी बसलो, तोंड बंद ठेवून बसलो, जे मी कुठेच करत नाही. आणि वस्तू गेली वरातीत वाजवणाऱ्याला! मला फुकट दिली असती तर मी घेतली नसती. पण एक हाक मारायला काय लागतं?

हा राग मी चाळीस वर्षं सांभाळला आहे. कॅसेटी आल्या, सीड्या आल्या, मी मुंबईहून मागवत गेलो. बायको म्हणायची, “तुमचं ते गळा काढणं बंद करा, पाहुणे आलेत.” ती गेली. आता पाहुणेही येत नाहीत आणि बंद कर म्हणणारंही कोणी नाही. दुकानात लावलं तर शेजारचा चहावाला ओरडतो, “नाना, हाई काय वाजी राह्यनं? मोटर जळनी का काय?” मग सगळी लाइन हसते. मी त्याला दोन शिव्या देतो आणि आवाज वाढवतो.

मुलगा पुण्यात असतो. त्याने कानात घालायची महागडी यंत्रं आणून दिली. “बाबा, आता सगळं एका बोटावर आहे,” म्हणाला. खरंच सगळं होतं. थांबणाऱ्याचा तो तुकडाही होता, स्वच्छ, बिनओरखड्याचा. सूर चढले, उडीची जागा आली आणि उडी आली नाही. तो एकेक पायरी उतरत गेला. सगळ्या जगाला तो तुकडा तसाच माहीत असणार. मला ते उतरणं परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. हे कोणाला सांगू? मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “बाबा, ओरिजिनल हेच आहे.” मी फोन ठेवून दिला.

या हिवाळ्यात जळगावला एक जनरेटर बघायला गेलो. एक बँडवाला धंदा आवरत होता. वरातीच्या गाडीवरचे कर्णे, दिव्यांच्या छत्र्या, लाल कोटांचं गाठोडं असं सगळं त्याच्या गाळ्यात विकायला मांडलेलं. माणूस माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी लहान असेल. मी जनरेटरभोवती फिरलो, नाक मुरडलं, म्हटलं, “हा तर नुसता धूर ओकणार.”

“माले ऐकू येत नही, भाऊ,” तो म्हणाला. “जोरमा बोला. जनम गया कर्ण्यानी पुढे.”

जोरात बोलायला मी मान वर केली, तेव्हा त्याच्या मागच्या भिंतीवर ती दिसली. सोनेरी रंग फासलेला, पोटावर बँडचं नाव. पण वरच्या टोकाचा जळका डाग कोणी झाकला नव्हता.

मी बोटाने दाखवलं आणि त्याच्या कानाशी ओरडलो, “भुसावळ! ड्रायव्हर!”

त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. “तुम्ही धुळ्याचे का?” त्याने विचारलं. “रविवारवाले?”

माझं डोकं गरम झालं. चाळीस वर्षांनी चोर सापडला आणि तोच मला ओळखतोय! “तू कोण?” मी ओरडलो.

“मी गुरुवारवाला. गुरुवारी लग्नं कमी. साहेब मला शिकवायचे. म्हणायचे, रविवारी येऊ नको. रविवारी धुळ्याचा एक येतो, गाणं लागलं की त्याला दुसरं माणूस चालत नाही. उचलून बाहेर टाकतो.”

असं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. तो शेजारी बोलत होता म्हणून काढला. गप्प बसणाऱ्याला कशाला काढला असता? मी हे ओरडून सांगितलं. त्याला किती कळलं कोण जाणे. तो हसला आणि गिटार काढून कर्ण्याला जोडली.

आधी त्याने वरातीत वाजवायचं काहीतरी वाजवलं. मग थांबला. थांबला तो असा की वाटावं, हा आता गिटार ठेवून देणार. थांबणाऱ्याचा तो तुकडा सुरू झाला. सूर चढत गेले. त्याला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. लाकडाची थरथर पोटानेच ऐकावी तसा तो डोळे मिटून गिटार पोटाशी धरून होता. सगळ्यात वरच्या पायरीवर आला आणि टक्‌ करून अंगणात. उडी! जशीच्या तशी.

ड्रायव्हरसाहेब गेल्यावर इथे ती उडी आम्हा दोघांनाच माहीत होती आणि दोघेही खानदेशात होतो, एका तासाच्या नाहीतर दोन तासांच्या अंतरावर. मी फोनवर तो बिनओरखड्याचा तुकडा लावला आणि फोन त्याच्या कानाशी धरला. त्याने मान हलवली, फोन हातात घेतला, उलटून बघितला आणि परत दिला.

“नही येत, भाऊ.”

मी खिशातला रुमाल काढला. कान नसले तरी हा सौदा होतो. आमच्या बाजारात रुमालाखाली हात घालून, समोरच्याची बोटं धरून भाव सांगतात, म्हणजे बाजूच्यांना कळू नये. त्यालाही ते माहीत होतं. त्याने रुमालाखाली हात घातला. बोटांची टोकं तारांनी खडकासारखी झालेली. मी भाव दिला, चांगला दिला, पहिल्याच झटक्यात पुरा दिला. आयुष्यात प्रथमच निम्मा सांगितला नाही. मग त्याची पाळी. त्याने माझं एकही बोट धरलं नाही. नुसता तळवा माझ्या तळव्याला टेकवून ठेवला.

“साहेबांनी माझ्याकडून काही घेतलं नाही,” तो म्हणाला. “घी जा.”

मी हात ओढून घेतला. फुकटची वस्तू मी कधी घेतली नाही आणि घेणारही नाही. त्याला तसं सांगितलं, जरा जास्तच चढ्या आवाजात. पण खरं कारण ते नव्हतं. गिटार मी नेली असती तर माझ्या खुंटीला लटकली असती आणि या माणसाची बोटं रिकामी राहिली असती. मग ती उडी कोण वाजवणार?

राग माझा ड्रायव्हरसाहेबांवरच आहे, आणि आता दुप्पट आहे. गिटार देणं एक वेळ सोडून देईन. पण आम्हा दोघांना त्यांनी दोन वार वाटून दिले. एका रविवारी दोघांना बसवलं असतं, तर मी मधली चाळीस वर्षं एकट्याने ऐकत बसलो नसतो. तेव्हा याला ऐकू येत होतं.

मी निघालो. जनरेटर तसाच राहिला. या वेळी दाराशी वाकलो नाही, चपलेला हात लावला नाही, सरळ रस्त्याला लागलो.

“भाऊ!” मागून हाक आली. “ओ धुळेवाले भाऊ! गिटार?”

“राहू दे!” मी ओरडलो. “वाजव तू!”

त्याला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. कोपरा वळेपर्यंत तो हाका मारत होता.